खैरीच्या घाटातले दर्शन

विश्रामबुवा महाराजांचा मुक्काम त्या काळी वर्धा नदीच्या काठी, तिवरखेड या लहानशा गावी होता. गावाबाहेर चिंचेच्या झाडाखाली त्यांचा मठ होता. मठ कसला, कुडाच्या भिंती आणि वर गवताचे छप्पर. शेजारी एक विहीर. महाराज मोठी प्रवचने करीत नसत. सगळ्यांनी एका विहिरीचे पाणी प्यावे आणि एका पंगतीत जेवावे, देव मग आपोआप पंगतीला येऊन बसतो, एवढेच ते सांगत. सव्वीस घरची माणसे त्यांच्या शब्दावर एका पंगतीला बसू लागली होती.

गावच्या मोठ्या लोकांना हे सोसवले नाही. आधी त्यांनी या सव्वीस घरांचा बाजार बंद केला, मग विहिरीत मेलेली जनावरे टाकली, आणि शेवटी फाल्गुनातल्या एका दुपारी, पंगत बसलेली असताना, मठाला आग लावली. त्या धावपळीत महाराजांच्या अंगावरही घाव पडले. भक्त लाठ्या घेऊन निघाले, तेव्हा महाराजांनी त्यांना अडवले.

महाराज म्हणाले, "गाव त्यांचे आहे, त्यांना राहू द्या. आपली जागा मावळतीला आहे."

सह्याद्रीच्या अलीकडे एका जहागीरदाराचे उजाड पठार होते. तिथे वस्ती करायला त्याने परवानगी दिली होती. अकरा कुटुंबे घेऊन महाराज पुढे निघाले. पंधरा कुटुंबांकडे वाटेपुरते धान्य नव्हते, त्यांनी पावसाळ्यातले पीक घेऊन, दिवाळीची सुगी आटोपून यायचे ठरले. निरोप घेताना मागे राहणाऱ्यांचे डोळे भरून आले.

महाराज म्हणाले, "रडता कशाला? वाट लांब आहे, पण सरेल. तुम्ही शेवटच्या घाटाच्या पायथ्याशी पोहोचा, तिथून वर न्यायला मी येतो."

या मागे राहिलेल्यांत नागोजी नावाचा एक तरुण होता. मठाचे पाणी भरण्याचे काम त्याच्याकडे असे. महाराज गेल्यावर वैशाखात त्याचे लग्न झाले आणि चिमाबाई त्या घरात आली. घरात तीनच माणसे: नागोजी, चिमाबाई, आणि नागोजीची आई भागाबाई, जिचे उजवे अंग लकव्याने गेले होते.

चिमाबाईने महाराजांना कधी पाहिले नव्हते. पण त्या घरात दिवसातून दहादा त्यांचे नाव निघे. महाराज आपली भाकरी मोडून आधी दुसऱ्याच्या ताटात कशी ठेवीत, आजारी माणसाच्या उशाशी कसे बसून राहत, हे ऐकता ऐकता तिच्या मनात एक ओढ लागून राहिली. ती नवऱ्याला विचारी, "दिसाले कसे आहेत हो ते?"

नागोजी विचारात पडे आणि म्हणे, "असं सांगता नाई येत. तू पाहशीनच ना."

सुगी झाली आणि निघायची वेळ आली, तोच वऱ्हाडात बुळकांडीची साथ पसरली. पंधरा दिवसांत त्या रोगाने गोठेच्या गोठे ओस पाडले. पंधरा कुटुंबांकडे मिळून एकही बैल उरला नाही. गावाने तर निघून जाण्याची मुदत घालून दिली होती. तेव्हा सुतारकाम जाणणाऱ्या दोघांनी बैलगाड्या मोडून दोन चाकांचे हलके गाडे केले. पुढे एक आडवे लाकूड ठेवले. ते छातीशी धरून माणसाने ओढायचे. अशा रीतीने ती माणसे स्वतःच बैल होऊन, कार्तिकाच्या शेवटी तिवरखेडहून बाहेर पडली.

वाट दाखवायला हैबतराव हवालदार होते. ते पलटणीतून निवृत्त झालेले होते आणि मुलूख त्यांच्या पायाखालचा होता. त्यांचा धाकटा भाऊ महाराजांचा भक्त होता, त्याच्या हट्टापायी ते आले होते. स्वतः त्यांनी महाराजांना कधी पाहिले नव्हते, आणि पाहण्याची इच्छाही नव्हती. माणूस खोटा नव्हता, कामात कसूर करणारा नव्हता. पण जे हाताने होते तेवढेच खरे, बाकी सारा बायाबापड्यांचा खेळ, असे ते उघड म्हणत. सकाळी गाडे निघताना सगळे महाराजांचे नाव घेत. ते दोन्ही हात पाठीशी बांधून बाजूला उभे राहत आणि म्हणत, "झालं का? आता पाय उचला."

पहिले काही दिवस बरे गेले. पण पूर्णा ओलांडली आणि नागोजीला हिवताप भरला. तापातही तो दोन दिवस गाडा ओढत राहिला. तिसऱ्या दिवशी त्याला गाड्यावर आईशेजारी निजवावे लागले, आणि चौथ्या दिवशी दुपारी त्याने प्राण सोडला. जाताना तो बायकोला एवढेच म्हणाला, "आईले घेऊन जाय. महाराजायले सांग, मी अर्ध्या वाटेपर्यंत आलो होतो."

एका बाभळीखाली त्याला माती दिली. चिमाबाईने वर दगड रचले. तांड्याला अर्ध्या दिवसाहून अधिक थांबता येत नव्हते. गाडे हलले तेव्हा लोकांना वाटले, ही पोर आता माहेरी जाईल. ती पुढे आली आणि आडव्या लाकडाला छाती लावून उभी राहिली. गाडा चालू लागला. बाभूळ दिसेनाशी होईपर्यंत ती पुन्हा पुन्हा मान वळवून पाहत होती.

पौष लागला. थंडीने हातपाय फुटले. धान्य कमी होत चालले, तशी एक वेळ आंबील आणि एक वेळ उपवास असे सुरू झाले. मुक्काम पडला की लोक तिवरखेडच्या आठवणी काढत. कुणाला आपल्या परसातले लिंबाचे झाड आठवे, कुणाला खळ्यावरची पाखरे. मग बोलणे महाराजांवर येई आणि प्रत्येकजण काहीतरी सांगे. चिमाबाईपाशी सांगण्यासारखे काहीच नव्हते. ती सासूचे पाय चोळत ऐकत बसे. ऐकता ऐकता तिला वाटे, इतक्या जणांना इतके मिळाले, आपल्याला एकदा, उभ्या उभ्या का होईना, त्यांचे पाय दिसावेत.

एकदा हैबतरावांनी तिला हटकले. "बाई, इतकी माणसं चालली आहेत, त्यांचं समजतं. त्यांनी निदान तुमच्या बुवाला पाहिलंय. ज्याला तू डोळ्यांनी पाहिलंही नाहीस, त्याच्यासाठी नवरा वाटेत टाकून चाललीस?"

चिमाबाईने मान खाली घातली. ती म्हणाली, "पाह्यलं नाई म्हणूनच त चालली हवालदार."

माघातल्या अष्टमीला तांडा खैरीच्या घाटाच्या पायथ्याशी आला. हाच तो शेवटचा घाट. तो चढला की पुढे दोन दिवसांच्या चालीवर महाराजांची वस्ती. लोकांच्या नजरा आपोआप वाटेच्या वळणाकडे लागल्या. महाराज न्यायला येणार होते. पण तिथे कुणीच नव्हते.

त्यात आदल्या दिवशी अवकाळी पाऊस झाला होता, गारा पडल्या होत्या. घाटाची वाट म्हणजे एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला खोल दरी, आणि मधे शेवाळल्यासारखी निसरडी माती. धान्य पुरते संपले होते. पायथ्याला दहा-बारा झोपड्यांची एक वाडी होती, तिच्याकडेही देण्यासारखे काही नव्हते. लोकांनी महाराजांची वाट पाहण्यासाठी एक दिवस थांबू म्हणून विनवले.

हैबतराव म्हणाले, "पोटात अन्न नाही, आज आहे ते बळ उद्या राहणार नाही. अंधाराच्या आत सगळे गाडे वर गेले पाहिजेत. ज्याला वाट पाहायची असेल त्याने वर जाऊन पाहावी."

त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. त्यांनी प्रत्येक गाडा तपासला आणि जड सामान उतरवायला लावले. जाती, पाटे, लाकडी पेट्या वाटेच्या कडेला रचल्या गेल्या. शेवटी ते चिमाबाईच्या गाड्यापाशी आले. गाड्यावर एक गोधडी, दोन भांडी आणि भागाबाई.

"म्हातारीला वाडीत ठेव," ते म्हणाले. "मी बोललोय, एक घर सांभाळायला तयार आहे. आठवड्याने माणसं पाठवून आणू."

"आठ दिवस नाई काढणार त्या," चिमाबाई म्हणाली. वाडीतलीच माणसे उपाशी होती, हे तिला दिसत होते.

"मग काय करणार? एकटी हा चढ ओढणार? प्रत्येक गाड्याला तीन-तीन माणसं लागतील. तुझ्यासाठी माझ्याकडे एक माणूस नाही."

भागाबाईने तिचा हात धरला. "मले ठेव वं इथं. तू जाय. पोरगं त गेलंच माहं, तू तरी पोहोच."

चिमाबाई म्हणाली, "आत्याबाई, ह्यांनी मले तुमाले घेऊन जायाले सांगतलं आहे. तुमाले सोडून मी त्या पायापाशी कोणत्या तोंडानं उभी राहू?"

हैबतरावांचा संयम सुटला. ते मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "बरं आहे. येणार होते ना तुझे महाराज? त्यांनाच सांग गाडा ढकलायला." आणि ते पुढे निघून गेले.

गाडे एकामागून एक चढू लागले. चिमाबाईचा गाडा सर्वांत मागे. पुढे चाललेल्यांना मागे वळून पाहण्याइतकेही बळ नव्हते. जो तो आपल्या गाड्याला जुंपलेला होता. पहिला अर्धा चढ ती कशी चढली, ते तिचे तिलाच ठाऊक. दहा पावले ओढायची, चाकामागे दगड लावायचा, श्वास घ्यायचा, पुन्हा दहा पावले. तळहाताची साले निघाली होती. ओठांत नाम होते, पण शब्द फुटत नव्हता.

वाटेत एक अवघड वळण होते. तिथे वाट अरुंद होऊन एकदम उभी चढत होती. त्या वळणावर चिमाबाईचा पाय घसरला. ती गुडघ्यावर आली आणि गाडा मागे सरकू लागला. भागाबाईने डोळे मिटून घेतले आणि तिची शुद्ध हरपली. चिमाबाईने लाकूड सोडले असते तर ती वाचली असती. तिने ते सोडले नाही. ती गाड्याबरोबर फरफटत दरीकडे चालली.

आणि गाडा थांबला.

मागून आवाज आला, "पोरी, मागे पाहू नको. समोर पाहा आणि ओढ."

आवाज शांत होता, थोडा दमलेलाही. चिमाबाईला वाटले, पुढच्यांपैकी कुणीतरी परत आले. ती उठली, लाकडाला छाती लावली आणि ओढू लागली. गाडा चालला. आता तो जड लागत नव्हता. मागे कोण आहे ते पाहावे असे तिच्या मनात आले, पण तिला सांगितले होते समोर पाहा, म्हणून ती समोर पाहत राहिली.

वर, वळणाच्या माथ्यावर हैबतराव उभे होते. पुढचे गाडे वर पोहोचल्यावर त्यांचे मन त्यांना खाऊ लागले होते, म्हणून ते मागे पाहायला आले होते. दोन्ही हात नेहमीसारखे पाठीशी. त्यांना खाली चिमाबाईचा गाडा दिसला, आणि गाड्याला खांदा लावलेला एक म्हातारा. सावळा, ठेंगणा, अंगावर काळे घोंगडे, पायांत काही नाही. त्याच्या डाव्या कानाची पाळी फाटून पुन्हा जुळलेली होती. त्यांना वाटले, कुणी धनगर असेल.

ते चार पावले खाली उतरून म्हणाले, "बाबा, बाजूला व्हा. गाडा मागे आला तर चेंगराल."

म्हाताऱ्याने मान वर केली. घामाने त्याचा चेहरा निथळत होता, पण तो हसत होता. तो म्हणाला, "हवालदार, तुमचे दोन्ही हात रिकामे दिसतात."

एवढेच. पण हैबतरावांचे हात पाठीमागून कसे सुटले ते त्यांना कळले नाही. ते खाली गेले आणि त्यांनी एक चाक धरले. दोघांनी मिळून गाडा माथ्यावर आणला. चिमाबाई तशीच खाली बसली. तिला बराच वेळ काही दिसत नव्हते, की ऐकू येत नव्हते. हैबतरावांनी म्हाताऱ्याला विचारले, "बाबा, कुठले तुम्ही?"

"याच वाटेवरचा," तो म्हणाला आणि घोंगडे सावरीत, आल्या वाटेने घाट उतरू लागला. वळणावर धुके होते. त्यात तो दिसेनासा झाला.

चिमाबाई भानावर आली तेव्हा विचारू लागली, "कोण होतं मांगं? पाया पडायचं राह्यलं माहं."

हैबतराव म्हणाले, "धनगर होता कुणी. तुझे महाराज काही आले नाहीत बाई. देव नाही, बुवा नाही, शेवटी एक माणूसच कामाला आला." पण या वेळी त्यांच्या बोलण्यात पूर्वीचा जोर नव्हता. त्या म्हाताऱ्याने आपल्याला हवालदार म्हणून कसे ओळखले, हे त्यांना राहून राहून वाटत होते.

दशमीच्या दुपारी तांडा पठारावर पोहोचला. दुरून गवताने शाकारलेल्या झोपड्या दिसल्या. चुलींचा धूर दिसला. लोक रडू लागले, एकमेकांना मिठ्या मारू लागले. चिमाबाईने पदराने सासूचे तोंड पुसले, आपले पुसले, केस सारखे केले. महाराजांसमोर जायचे होते.

वस्तीतली माणसे सामोरी आली. पण त्यांच्या हातांत टाळ नव्हते, ती गप्प होती. सर्वांत पुढे महाराजांचे जुने शिष्य तुळशीरामबुवा होते. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "तुम्ही आलात, फार बरं झालं. पण महाराज नाहीत. वसंत पंचमीला सकाळी त्यांनी देह ठेवला. आज सहावा दिवस."

अडीच महिने ज्या नावावर ती माणसे चालली होती, ते नाव त्यांच्या ओठांवरच राहिले. कुणी जमिनीवर बसले. कुणी गाड्याचे लाकूड धरून उभे राहिले.

तुळशीरामबुवा सांगू लागले. महाराजांना दोन महिने ताप येत होता. रोज सकाळी ते विचारीत, मागची माणसे कुठवर आली असतील? शेवटच्या दिवशी त्यांनी घोंगडे मागितले. मागच्यांना घाटातून आणायला जायचे आहे, असे म्हणाले. शिष्यांना वाटले तापात बोलतात. घोंगडे अंगावर घेऊन ते दाराकडे तोंड करून निजले, आणि त्या झोपेतच गेले.

चिमाबाई रडली नाही. ती पुढे आली आणि तुळशीरामबुवांना म्हणाली, "बाबा, मी त्यायले कधी पाह्यलं नाई. कसे होते ते दिसाले?"

म्हातारा शिष्य म्हणाला, "काय सांगू बाई. सावळे, ठेंगणे. चालताना पायांत कधी काही घातलं नाही. मठ जाळला त्या दुपारी डावा कान फाटला होता, तो मी शिवला या हातांनी, पण वेडावाकडा जुळला. त्यावर ते नेहमी हसायचे."

मागे काहीतरी पडल्याचा आवाज झाला. हैबतरावांच्या हातातली पाण्याची कासंडी खाली पडली होती. ते पुढे आले.

"डावा कान?" त्यांनी विचारले. "आणि अंगावर काळं घोंगडं?"

"त्याच घोंगड्यात त्यांना समाधी दिली," तुळशीरामबुवा म्हणाले.

हैबतरावांनी बोटांवर दिवस मोजले. पंचमी, आणि अष्टमी. घाटात जे पाहिले ते सगळे ते, काहीही न लपवता, लोकांसमोर बोलले. आपण काय टोमणा मारला होता आणि महाराजांनी काय ऐकवले, तेही बोलले. मग ते समाधीपाशी गेले. चार दगड रचलेली साधी समाधी होती. त्यावर डोके ठेवून तो कठोर माणूस मुलासारखा रडला.

धन्य त्या चिमाबाईची! ती तिथेच उभी होती. जिला त्यांची एवढी आस, तिने त्यांचा आवाज ऐकला, त्यांचे बळ अंगाने अनुभवले, आणि पाहिले मात्र नाही. पाहिले ते थट्टा करणाऱ्याने. दुसरी कुणी असती तर देवाशी भांडली असती.

ती हैबतरावांजवळ जाऊन बसली. म्हणाली, "हवालदार, तुमी पाह्यलं ना. मले सांगा. सगळं सांगा."

हैबतराव सांगू लागले. ती एकेक विचारीत होती. पाय किती मळले होते? खूप दमले होते का? घोंगडं भिजलं होतं का? हसले म्हणता, ते कसे हसले? आठवून आठवून ते सांगत होते. भागाबाई डोळे मिटून ऐकत होती, आणि मधूनच म्हणत होती, हो, असेच हसत ते. ऊन उतरणीला लागले तरी चिमाबाईचे विचारणे संपेना. शेवटी ती थांबली. अगदी हळू आवाजात तिने विचारले,

"माह्याकडे पाह्यलं का त्यायनं?"

हैबतरावांनी मान वर केली. "पूर्ण चढभर," ते म्हणाले. "माझ्याशी बोलले तेवढाच एक क्षण नजर काढली. नाहीतर चढ संपेपर्यंत तुझ्याचकडे पाहत होते."

चिमाबाईने पदर डोळ्यांना लावला. नवरा गेल्यापासून न रडलेली ती पोर तेव्हा रडली. आणि हैबतराव हवालदारांनी आपले पागोटे उतरवून बाजूला ठेवले आणि वयाने लेकीएवढ्या असलेल्या त्या बाईच्या, वाटेने फुटलेल्या पावलांवर डोके ठेवले.